इलॅस्टिकसर्चचा (डेटा साठवून त्यात शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप रात्रभर चालतो आणि तेवढ्यात जुने इंडेक्स (डेटाचे संच) बंद करणारी स्क्रिप्ट अडते. काय करावं?

स्क्रिप्ट अडते तेच बरं आहे. ज्या इंडेक्सचा स्नॅपशॉट (म्हणजे इलॅस्टिकसर्चचा बॅकअप) चालू आहे तो बंद करायला किंवा काढायला इलॅस्टिकसर्च नकार देतं, कारण मधेच शार्ड (इंडेक्सचा तुकडा) बंद झाला तर त्याची प्रत अर्धवट राहील. काही जण सुचवतील की स्नॅपशॉटला पार्शल पर्याय द्या, म्हणजे काही शार्ड सुटले तरी चालेल असं सांगा. मग नकार येत नाही हे खरं, पण बॅकअपमध्ये भोक पडतं आणि ते नेमकं रिस्टोअर करायच्या दिवशी दिसतं. कृपया त्या वाटेला जाऊ नका.

मी बंद करण्याचं काम घड्याळावर ठेवत नाही. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत) तिची ठरावीक वेळ लावली असेल तर ती काढून टाका. स्क्रिप्टने आधी स्नॅपशॉटची स्थिती विचारावी, सक्सेस आलं तरच त्यात असलेले जुने इंडेक्स बंद करावेत. पार्शल किंवा फेल्ड आलं तर कशालाही हात न लावता तुम्हाला कळवावं. इंडेक्स शेवटी काढूनच टाकायचे असतील तर आयएलएमच्या (इंडेक्सचं वय बघून त्यावर आपोआप कामं करणाऱ्या इलॅस्टिकसर्चच्या सोयीच्या) डिलीट टप्प्यात 'वेट फॉर स्नॅपशॉट' (आधी स्नॅपशॉट होईपर्यंत थांबा) लावता येतं, स्क्रिप्ट लागतच नाही.

पण मला खरी शंका वेगळीच आहे: जुन्या डेटाचा बॅकअप रोज इतका वेळ का घेतो? स्नॅपशॉट फक्त नवे सेगमेंट (शार्ड ज्या फाइल्समध्ये साठतो ते भाग) उचलतो, आधी गेलेले पुन्हा पाठवत नाही. तुमच्याकडे लिखाण चालू असलेल्या इंडेक्सवर रोज फोर्स मर्ज (छोटे सेगमेंट जोडून मोठे करणं) चालत असेल तर सेगमेंट नव्याने लिहिले जातात आणि तोच डेटा पुन्हा सगळा जातो. शिवाय स्नॅपशॉटने धरून ठेवलेले जुने सेगमेंट तो संपेपर्यंत डिस्कवरून हटत नाहीत, म्हणजे मर्जच्या रात्री डिस्कही फुगते. म्हणून क्रम असा ठेवा: इंडेक्सवरचं लिखाण थांबलं की एकदाच फोर्स मर्ज, मग स्नॅपशॉट, मग बंद. पुढच्या रात्री त्या इंडेक्सचं जवळजवळ काहीच पाठवावं लागत नाही.

वेगाची मर्यादाही बघून घ्या. रिपॉझिटरीत (स्नॅपशॉट जिथे साठतात तिथे) ती मुळात नोडमागे, म्हणजे दर सर्व्हरमागे, सेकंदाला 40 एमबी असते. नेटवर्क आणि डिस्क मोकळी असेल तर वाढवा, पण दिवसा शोध चालू असताना नको.

आणि बंद इंडेक्सच्या फाइल्स डेटा फोल्डरमधून थेट कॉपी करून त्याला बॅकअप समजू नका. त्यातून इंडेक्स नीट परत उभा राहील याची कुणीच हमी देत नाही.