सुपरहिरोच्या शॉर्टफिल्ममध्ये राजकीय संदेश असावा, की नुसती करमणूक?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सोलापुरातल्या मित्रांचा गट 25 मिनिटांची सुपरहिरो शॉर्टफिल्म करतोय, विषय शहराचं पाणी. काही जण म्हणतात, काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात यावर बोललंच पाहिजे. बाकीचे म्हणतात, सुपरहिरो बघायला बसलेला माणूस भाषण ऐकायला बसलेला नसतो. मारामारी द्या, उड्या द्या. कोणाचं ऐकावं?

माझं मत आधी सांगतो. सुपरहिरोच्या गोष्टीतून राजकारण बाहेर काढता येत नाही. ते पात्रांच्या तोंडी द्यायचं की घटनेत मुरवायचं, एवढंच लेखकाच्या हातात असतं, आणि बहुतेक जण फसतात ते इथेच.

सुपरहिरो म्हणजे कोण? एका माणसाला इतरांकडे नाही असं बळ मिळतं आणि पोलीस, कोर्ट, नगरसेवक कोणालाही न विचारता तो ते वापरतो. कोणावर वापरतो आणि कोणाला सोडून देतो हे ठरवलं, की तुम्ही बाजू घेतलीत. जून 1938 च्या अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला, तेव्हा त्याने परग्रहावरच्या राक्षसाशी झुंज दिली नाही. निर्दोष बाईचा मृत्युदंड थांबवायला तो रात्री गव्हर्नरच्या घरात घुसला, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटलं, आणि सिनेटरला हाताशी धरणाऱ्या दलालाच्या मागे लागला. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या तोंडावर ठोसा मारतोय. अंकावर मार्च 1941 छापलंय. अमेरिका युद्धात उतरली त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे देशाचं सरकार तटस्थ असताना दोन चित्रकारांनी बाजू घेतली होती, आणि त्यासाठी त्यांच्या कचेरीला धमक्याही आल्या.

‘राजकारण नको, नुसती करमणूक’ हा प्रयोगही होऊन गेलाय. 1954 साली अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्यात एक कलम असं होतं की पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. करमणूक शुद्ध करायला निघाले आणि सत्ता नेहमी बरोबरच असते, हा त्या काळचा सर्वांत मोठा राजकीय संदेश प्रत्येक अंकात जाऊन बसला. पुढे 1971 मध्ये खुद्द सरकारच्या आरोग्य खात्याने व्यसनाविरुद्ध गोष्ट लिहा म्हणून मार्व्हल या कॉमिक्स प्रकाशकाला सांगितलं. स्पायडरमॅनच्या तीन अंकांत ती आली, पण अमली पदार्थाचा उल्लेखच चालत नसल्याने संहितेचा मंजुरीचा शिक्का नाकारला गेला आणि ते अंक शिक्क्याविना छापावे लागले. त्याच वर्षी नियम सैल झाले. तेव्हा तुमच्यातल्या ‘नुसती करमणूक’वाल्यांना एवढंच विचारा, की पाण्याच्या गोष्टीत कोणालाच दुखवायचं नसेल, तर नळ न येण्याचं कारण कोण ठरणार? परग्रहवासी?

आणि तुमचा प्रेक्षक सोलापूरचा आहे, हे विसरू नका. या गावाने मे 1930 मध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पाहिलाय. स्वातंत्र्यलढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली, तीही कायद्याचा शिक्का मारून. त्यांचे पुतळे भर चौकात उभे आहेत. कायदा आणि न्याय दर वेळी एकाच घरात राहत नाहीत, हे या प्रेक्षकाला समजावून सांगायला पात्र उभं करायची गरज नाही. तिथून पुढची गोष्ट सांगा.

आता फसतं कुठे. सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी: खलनायकाला खरा मुद्दा द्यायचा आणि मग प्रेक्षकाला तो फारच पटायला लागला, की त्याच्या हातून निरपराधांना मारायचं. 2021 च्या ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ या मालिकेत विस्थापितांसाठी लढणारी मुलगी माणसं आत असलेली इमारत उडवते. त्या क्षणी तिचा मुद्दा हरतो, पण त्याला उत्तर दिलेलं नसतं. ती उणीव भरायला शेवटी नायक कॅमेऱ्यांसमोर लांबलचक भाषण करतो. प्रेक्षक कंटाळतात ते राजकारणाला नव्हे, या उशिरा केलेल्या ठिगळाला.

‘ब्लॅक पँथर’ (2018) मध्येही खलनायक किलमाँगर क्रूर आहे. तरी तो सिनेमा उभा राहतो, कारण जिंकलेला राजा हरलेल्याच्या मुद्द्याने बदलतो. आपल्या पूर्वजांना तो तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात. आपल्या वाकांडा राज्याचे दरवाजे जगाला उघडतो, अमेरिकेतल्या ऑकलंडमध्ये जिथे ही सगळी जखम झाली तिथेच मदतकेंद्र काढतो. शेवटच्या पाच मिनिटांत राज्याचं धोरण बदलतं. संदेश घटनेत असणं म्हणजे हे.

‘द डार्क नाइट’ (2008) मधलं मोबाइलवरून अख्ख्या शहरावर पाळत ठेवणारं यंत्र आठवा. बॅटमॅनचा सहकारी फॉक्स म्हणतो, हे यंत्र असेपर्यंत मी इथे काम करणार नाही. मदत एकदाच करतो, आणि काम झाल्यावर यंत्र नष्ट होतं. मला यातली पळवाट खटकते, कारण पाळत वाईट म्हणायची आणि खलनायक जोकर सापडतो तोही पाळतीनेच. तरी नायकाच्या बळाची किंमत समोर मांडायची पद्धत शिकण्यासारखी आहे.

तुमच्या खिशाला जवळचे नमुने मात्र इकडेच आहेत. मल्याळम ‘मिन्नल मुरली’ (2021) मध्ये एकच वीज दोघांवर पडते: शिंपी जेसन आणि चहाच्या टपरीवर काम करणारा, गावाने वेडा ठरवलेला शिबू. बळ सारखंच. गावाने एकाला माणूस मानलं, दुसऱ्याला नाही; नायक आणि खलनायक यांतलं अंतर तिथून सुरू होतं. जात, वर्ग यावर व्याख्यान नाही, पण समजायचं ते समजतं. दुसरा नमुना मालेगावचा. तेही आपल्यासारखंच यंत्रमागाचं गाव. तिथल्या हौशी मंडळींनी काढलेल्या सुपरमॅनमध्ये नायक काटकुळा आहे आणि लढतो घाण आणि गुटख्याशी. उडण्याची दृश्यं हिरव्या पडद्यावर घेतलेली. हसू येतं, आणि गावात काय सडतंय तेही कळतं.

‘भावेश जोशी सुपरहिरो’ (2018) जरूर पाहा, कारण विषय तुमचाच आहे: मुंबईतलं पाणी आणि टँकरवाले. मला तो आवडतो, पण मधेच मित्राच्या खुनाचा सूड पुढे येतो आणि पाणी मागे सरकतं. तुमच्याकडे तर 25च मिनिटं आहेत. वैयक्तिक सूड गोष्टीत अजिबात आणू नका, तो सगळी जागा खाऊन टाकतो.

आता तुमच्या फिल्मकडे. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, तेव्हा 25 पानांच्या वर जाऊ नका. नायकाला उडायला लावू नका. खर्च वाढतो आणि पाण्याशी त्याचा संबंध नाही. त्याला रस्त्याखालचं पाणी ऐकू येऊ द्या. गळती शोधणारे कामगार रात्रीच्या शांततेत पाइपवर सळई टेकवून कान लावतात, त्याचंच हे वाढवलेलं रूप. हे बळ दिलं की राजकारण आपोआप येतं, कारण कुठल्या गल्लीत पाणी किती वेळ वाहतं आणि कुठे वाहतच नाही, हे त्याला कोणी न सांगता कळतं. नकाशा काढावा लागत नाही, आकडे सांगावे लागत नाहीत.

जोडीला हातात ताकद द्या आणि तिचा त्रास होऊ द्या. इथे पाण्याचं शास्त्रच तुम्हाला पटकथा लिहून देतं. मोठ्या लाइनचा वॉल्व्ह हळूहळू फिरवतात, कारण वाहतं पाणी एकदम अडवलं तर दाबाचा दणका बसतो आणि जुना पाइप फुटतो. तुमचा नायक जोशात एका हिसक्यात वॉल्व्ह बंद करेल आणि अख्खा रस्ता फुटेल. दुसरं: ठरलेल्या तासांत येणारं पाणी ठरलेलंच असतं. आपल्या गल्लीचा वॉल्व्ह जास्त उघडला की टोकाच्या घरांचा दाब पडतो. नळाला थेट मोटार लावली तर लाइनमध्ये ओढ तयार होते आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत येतं. म्हणजे चांगल्या हेतूने केलेल्या कामातून टोकाच्या वस्तीत पोरं आजारी पडू शकतात. हा तुमचा मध्यबिंदू, साधारण 12 व्या मिनिटाला. त्याआधी सहाव्यापासून बाराव्यापर्यंत निखळ मजा करा: पहाटे तीनला घागरी, बॅरल, नळ्या घेऊन उभी असलेली गल्ली, नायकाचा गुपचूप पराक्रम, लोकांचा जल्लोष. तुमच्यातल्या करमणूकवाल्यांनी ही सहा मिनिटं लिहावीत. त्यांच्याशिवाय पुढचा धक्का बसणारच नाही.

खलनायक टँकरमालक नको. तो पहिल्याच फ्रेममध्ये ओळखू येतो आणि प्रेक्षक सुटतो: दोषी तो, आपण नाही. त्यापेक्षा वॉल्व्हपाशी ठाण मांडून स्वतःच्या वस्तीसाठी पाणी ओढून आणणारी एखादी विडी कामगार बाई घ्या. तिचं म्हणणं खरं असावं: वीस वर्षं टोकाला राहिलो, आता आमची पाळी. तिची बाजू मिनिटभर लिहा आणि पटकथा न वाचलेल्या माणसाला ऐकवा. त्याने मान डोलावली तर पात्र जिवंत आहे. नाही डोलावली तर पुन्हा लिहा, आणि काही झालं तरी तिच्या हातून कोणाचा जीव घेऊ नका.

शेवटी नायकाने काही तरी गमवावं. माझी सूचना: समान दाबाने पाणी द्यायचं तर त्याच्या स्वतःच्या गल्लीचा वेळ कमी होतो, आणि तो निर्णय त्याने एकट्याने न घेता दोन्ही वस्त्यांसमोर मांडावा. मुखवटा काढून. बळ वापरणारा माणूस इथे पहिल्यांदा कोणाला तरी विचारतो.

भाषेकडे लक्ष द्या. पूर्व भागातली आजी घरात तेलुगूत बोलेल, वॉल्व्हमन कन्नड मिसळेल, कोणी उर्दू वळणाची हिंदी. सगळ्यांना पुस्तकी मराठी दिलीत तर ते शहर सोलापूर राहत नाही. कोण कोणाशी कुठल्या भाषेत भांडतं, यातच निम्मं राजकारण येऊन जातं.

मुखवट्यासाठी कपडेपट शोधू नका. मे महिन्यात इथे दुचाकीवरचा निम्मा गाव तोंडाला कापड बांधून फिरतो. साधा टॉवेल बांधला की झालं. सोलापुरी चादरीचा झगा करायचा मोह होईल, पण ती जड असते, वाऱ्यावर फडफडत नाही. तोंड झाकल्याचा एक फायदा असा की ओठ दिसत नसल्याने संवाद मागाहून बदलता येतात. तोटाही हाच: एडिटिंगच्या वेळी मुखवट्याआडून दोन उपदेश घुसवायची सोय होते. तिथे हात आवरा.

पाइप फुटण्याचं दृश्य पिण्याच्या पाण्यावर घेऊ नका. इथल्या प्रेक्षकाला ते बघवणार नाही आणि तुमचं म्हणणं तिथेच खोटं पडेल. शहराबाहेर एखाद्या विहिरीवर 5 एचपी मोटार आणि अडीच इंची पाइप मिळाला, पाणी परत शेतात सोडलं, की जवळून घेतलेल्या पाच-सहा शॉटमध्ये काम होतं. खऱ्या वॉल्व्हला हात लावू नका. भंगारातला एक आणून लाकडी चौकटीवर बसवा. रस्त्यावर चित्रीकरण असेल तर पोलीस आणि महापालिकेची परवानगी आधी घ्या. खऱ्या अधिकाऱ्याचं, नगरसेवकाचं नाव किंवा प्रभाग क्रमांक वापरू नका.

यूट्यूबवर टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. थिएटरात जाहीर खेळ लावायचा तर 1952 च्या कायद्याने लागतं. राजकीय विषयाला कात्री लागेल म्हणून आधीच घाबरू नका. 2025 च्या ‘सुपरमॅन’मधलं 33 सेकंदांचं चुंबन इथे कापलं गेलं, एका देशाने दुसऱ्यावर केलेल्या चढाईचं कथानक मात्र राहिलं.

एडिटिंगची पहिली जोडणी झाली की आवाज बंद करून ती टोकाच्या वस्तीतल्या दोन-तीन बायकांना दाखवा आणि पाणी कोणाला मिळालं, कोणाला नाही आणि का, एवढंच विचारा. त्यांना सांगता आलं तर संवाद निम्मे कापून टाका. नाही सांगता आलं तर 12 व्या ते 14 व्या मिनिटाचा भाग पुन्हा चित्रित करा. बाकी फिल्मला हात लावू नका.