गेमवर लिहिणाऱ्या मुलाला कंपनीचं पाकीट आलं तर?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. नागपूरच्या मानेवाड्यात राहणारा तुमचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्षभरापासून एका छोट्या साइटसाठी व्हिडिओ गेमच्या बातम्या, परीक्षणं लिहितो. आता एका मोबाईल गेमच्या कंपनीचा मेल आलाय: ३,००० रुपये आणि गेममधली नाणी देऊ, लेखाचा सूर चांगला ठेवा, छापण्याआधी आम्हाला दाखवा. बाबांचं म्हणणं, घरबसल्या पैसे येतायत तर घ्यावेत. मुलगा नको म्हणून अडून बसलाय. आणि तुम्ही विचारताय, यात पोट भरेल का?

मुलाचं बरोबर आहे, त्याला घरून पाठबळ द्या. पण नुसतं ‘नको’ म्हणून विषय मिटत नाही, कारण गेमवर लिहिणाऱ्याला कंपन्यांशी तोडूनही चालत नाही. बाजारात येण्याआधीची प्रत कंपनी देते, मुलाखतीला माणूस कंपनी देते, साइटवरची जाहिरातही बहुधा गेमचीच असते. म्हणजे ज्याच्या मालाचं परीक्षण करायचं, त्याच्याच खिशातून वळसा घेऊन लिहिणाऱ्याचा पगार येतो.

नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉट या अमेरिकी साइटचे जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या गेमला १० पैकी ६ गुण दिले. त्याच वेळी साइटवर त्याच गेमची मोठी जाहिरात झळकत होती. त्यांची नोकरी गेली, आणि प्रकाशकांच्या नाराजीपुढे व्यवस्थापन कसं झुकलं हे ते २०१२ मध्येच उघड बोलू शकले. कोटाकू या गेमच्या बातम्यांच्या साइटची गोष्ट वेगळी. त्यांनी ‘फॉलआउट ४’ची आणि ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतल्या एका गेमची माहिती घोषणेआधीच छापली, म्हणून बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या ते गेम काढणाऱ्या कंपन्यांनी त्यांना प्रती देणं, प्रश्नांना उत्तरं देणं बंद केलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोटाकूने हे सगळं वाचकांना सांगून टाकलं आणि काम चालू ठेवलं.

आता तुमच्याकडचा मेल. आधी एवढं बघा, की त्या गेममध्ये पैसे लावून पैसे जिंकायची सोय आहे का. असेल तर उत्तरसुद्धा देऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा खेळांच्या जाहिरातीसाठीही २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पैसे लावून खेळायची रमी असो की फँटसी क्रिकेट, नावाने फरक पडत नाही.

साधा गेम असेल, तर पैसे घेऊन जाहिरात लिहिणं गुन्हा नाही. ती परीक्षण म्हणून खपवणं गैर. ॲस्की या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे याबद्दलचे नियम २०२१ पासून आहेत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली आहे. पैसे, फुकट वस्तू, सवलत, जे काही मिळालं ते ठळकपणे, वाचकाच्या भाषेत सांगायचं. मराठी लेखावर ‘जाहिरात’ हा शब्द पहिल्या ओळीच्या वर हवा. अमेरिकेत ‘शॅडो ऑफ मॉर्डर’ या गेमसाठी वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबरना पैसे दिले, पण बऱ्याच व्हिडिओंत तो खुलासा वर्णनातल्या ‘अजून दाखवा’च्या खाली दडला होता. २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने यावरूनच कंपनीवर कारवाई केली.

मला पैशांपेक्षा ‘आधी दाखवा’ ही अट जास्त खटकते. आकडा किंवा तारीख कंपनीला विचारून पडताळावी, त्यात गैर काही नाही. पण अख्खा मजकूर एकदा त्यांच्या हाती गेला की ‘एवढं वाक्य जरा सौम्य करा’ सुरू होतं, आणि विशीतल्या मुलाला तिथे ठाम राहणं जड जातं.

नाणीही नकोत, त्याचं कारण तांत्रिक आहे. फुकटात मिळणारे बहुतेक मोबाईल गेम पहिले दोन-तीन दिवस सढळ हाताने बक्षिसं देतात, मग अडवायला लागतात: तासन् तास थांबा किंवा नाणी विकत घ्या. कंपनीने खात्यात नाणी भरून दिली की हा अडसर परीक्षकाला दिसतच नाही. वाचकाला मात्र तोच गेम खेळायचा असतो. म्हणून साध्या खात्याने निदान आठवडाभर खेळावं आणि कुठल्या टप्प्यावर किती रुपये मागितले ते लिहून ठेवावं.

उत्तर असं पाठवता येईल: ‘नमस्कार. गेमची प्रत परीक्षणासाठी चालेल. ती तुमच्याकडून मिळाली हे लेखात नमूद करेन. परीक्षणासाठी मानधन किंवा नाणी घेत नाही. लेख छापण्याआधी दाखवत नाही. माहितीबद्दल शंका असल्यास लेखी विचारेन.’ गेले काही महिने कोणाकडून काय मिळालं याची वही आजपासूनच घाला. उद्या कोणी फोन पाठवला आणि तो ठेवून घेतला, तर वर्षाला २०,००० रुपयांपुढच्या अशा लाभावर १० टक्के टीडीएस लागतो (१ जुलै २०२२ पासूनचा नियम). परत केला तर नाही. बी.कॉम.च्या मुलाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

एम्बार्गो, म्हणजे अमुक वेळेआधी छापायचं नाही हा करार, त्याला लवकरच भेटेल. इथे नवखी मुलं हमखास घड्याळात फसतात. ‘सकाळी ८ पॅसिफिक’ (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ) म्हणजे ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे रात्रीचे ८.३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, की तेच ९.३० होतात. जुन्या हिशोबाने लेख टाकला तर तासभर आधी करार मोडला, आणि पुढच्या वेळी यादीतून नाव गेलं. वेळेइतक्याच बाकीच्या अटीही वाचाव्यात. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा गेम परीक्षकांना आधी फक्त पीसीवर दिला होता आणि स्वतःचं चित्रीकरण दाखवायला मनाई होती. प्लेस्टेशनसारख्या जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) तो किती मोडका आहे हे लोकांना विकत घेतल्यावर कळलं, आणि सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. असं बंधन असेल तर ‘फक्त पीसीवर तपासला’ हे लेखाच्या सुरुवातीलाच यावं.

मराठी वाचकाला हवं ते इंग्रजी साइट देत नाहीत: १२-१५ हजारांच्या फोनवर हा गेम चालतो का? फोनचं मॉडेल, रॅम, गेमची आवृत्ती, ग्राफिक्सची पातळी, अर्ध्या तासात किती टक्के बॅटरी उतरली, हे प्रत्येक परीक्षणात द्यावं. आणि खोलीचं तापमानही. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर नीट चालणारा फोन गच्चीवरच्या खोलीत तापतो, प्रोसेसर वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. मोजमाप कुठे घेतलं हे सांगितलं नाही तर गेमचा दोष आणि उन्हाचा दोष एकच दिसतो.

त्याची खरी ताकद कॉमर्स आहे, आणि ती त्याने ओळखलेली दिसत नाही. कंपनीच्या मेहेरबानीशिवाय मिळणाऱ्या बातम्या ताळेबंदात असतात. नझारा टेक्नॉलॉजीज ही गेमिंग कंपनी मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. तिचे तिमाही निकाल कोणालाही वाचता येतात. बाकी कंपन्यांची कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून मिळतात. राजपत्र, न्यायालयाचे आदेश, स्टुडिओंच्या नोकरीच्या जाहिराती यांतूनही बातमी निघते. त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या यादीत नाव असावं लागत नाही.

पोटाचं म्हणाल तर फक्त यावर आज विसंबू नका. वॉशिंग्टन पोस्टने आपला गेमिंग विभाग २०२३ मध्ये बंद केला. १९९१ पासूनचं गेम इन्फॉर्मर मासिक ऑगस्ट २०२४ मध्ये बंद पडलं आणि २०२५ मध्ये सुरू झालं ते एका गेम कंपनीच्या मालकीखाली. तेव्हा बी.कॉम. पूर्ण होऊ द्या. मग नागपूर विद्यापीठाच्या जनसंवाद विभागाचा विचार करा आणि अर्थविषयक बातमीदारी मुख्य धरा, गेम त्यातला एक विषय. भाषांतर, पुण्यातल्या स्टुडिओंत गेम तपासणीचं काम, कंपनीचं प्रसिद्धीखातं, हेही रस्ते आहेत. मात्र ज्या कंपनीचा पगार घेतला तिच्या गेमवर परीक्षण लिहायचं नाही.

बाबांना एक विनंती. ३,००० रुपये नाकारायला सांगतोय, तर महिन्याला ५०० रुपये गेम विकत घ्यायला घरातून द्या. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात, आणि डेमो फुकट असतात. स्वस्तातले भारतीय गेम आधी निवडावेत, त्यांच्यावर मराठीत लिहिणारं फारसं कोणी नाही. प्रत्येक खरेदीची पावती वहीला लावून ठेवावी.