ख्रिस्ती विश्वासातून कायमचं समाधान खरंच मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा घेऊन सात वर्षं झाली, रविवारी उपासनेत मन भरून येतं आणि बुधवारपर्यंत सगळं ओसरतं, मग कायमचं समाधान म्हणतात ते नक्की कुणाला मिळतं, आणि माझाच विश्वास कमी पडतोय का. प्रश्न वाचून पुढे गेलो होतो खरं तर, पण ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना म्हणून परत आलो. "विश्वास कमी पडतोय" हे तुम्हाला कुणीतरी ऐकवलंय. पैज लावतो.

मला ऐकवलं होतं आमच्या भावोजींनी, म्हणजे ताईच्या मिस्टरांनी. २०१६ साली एका सकाळी उठलो तर डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालेलं आणि आत एक बारीक शिट्टी, पूर्वी टीव्हीवरचे कार्यक्रम संपल्यावर यायचा ना तसला आवाज. मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गायनवृंदात टेनर (पुरुषांमधला वरचा आवाज) गायचो. कान म्हणजे माझं सगळंच. बायको म्हणाली आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. भावोजी म्हणाले थांब, शुक्रवारी प्रार्थनासभा आहे, सगळे मिळून हात ठेवू, आधीच डॉक्टरकडे पळालास तर देवाला काय जागा ठेवलीस? आणि मी गाढव थांबलो. हात ठेवले, रडारड झाली, शिट्टी तशीच. मग ते म्हणाले की बरं झालंय असं तोंडाने कबूल कर, विश्वासाने बोल, रविवारी साक्ष दे. आणि मी दिली हो. माइक हातात घेऊन दीडशे माणसांसमोर सांगितलं की प्रभूने मला स्पर्श केलाय आणि मला पूर्ण समाधान आहे. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला फक्त उजव्या बाजूने ऐकू येत होत्या.

डॉक्टरकडे गेलो नवव्या दिवशी. त्यांनी स्टेरॉइड सुरू केलं आणि एवढंच विचारलं की लवकर का नाही आलात. अचानक ऐकू येणं बंद झालं तर पहिले काही दिवस फार महत्त्वाचे असतात हे मला तेव्हा कळलं. लवकर गेलो असतो तर कान वाचला असता असं तेही म्हणाले नाहीत, काहींचा तरीही वाचत नाही. माझा नाही वाचला. भावोजींचं निदान तयारच होतं, की मनात संशय होता म्हणून.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. समाधानावर बोलायचं म्हटलं की लोक बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पीच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, चौथा अध्याय काढतात, त्यातलं तेरावं वचन तर स्टिकरवर छापतात, ख्रिस्ताच्या बळाने मी सगळं काही करू शकतो म्हणून, आणि परीक्षेला, इंटरव्ह्यूला, सगळीकडे वापरतात. वरची दोन वचनं वाचा की. तिथे पौल म्हणतोय की मी समाधानी राहायला शिकलोय, भरलेल्या पोटीही आणि उपाशीपोटीही. शिकलोय! म्हणजे आधी येत नव्हतं. आणि हे तो तुरुंगातून लिहितोय, ख्रिस्ताला भेटून वीसेक वर्षं उलटल्यावर. तुमची सातच झालीत. समाधानासाठी त्याने जो ग्रीक शब्द वापरलाय तो त्या काळच्या स्टोइक तत्त्वज्ञांचा लाडका शब्द, अर्थ जवळपास 'स्वतःला स्वतःच पुरेसा'. पौलाने तो उचलला आणि लगेच पुढे सांगितलं की माझं बळ माझं नाहीये, दुसऱ्याकडून येतंय. एवढ्यावरच थांबत नाही, फिलिप्पीच्या मंडळीने पाठवलेल्या मदतीबद्दल तिथेच आभार मानतो. म्हणजे समाधानी माणसाला माणसं लागत नाहीत, मदत लागत नाही, हे कुठेच नाही.

आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते दुसऱ्या अध्यायातलं. ती मदत घेऊन आलेला एपफ्रदीत तिथे मरायला टेकला होता, मग वाचला. पौल काय लिहितो, की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. त्याच पत्रात! समाधान शिकलेला माणूस दुःखावर दुःखाची गोष्ट करतो आणि कुणी त्याला म्हणत नाही की भाऊ तुझा विश्वास कमी पडतोय. हा पौल भावोजींना चालला नसता. आपल्या तरुण सहकारी तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणणारा, दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी अवस्थेत मिलेत शहरात ठेवून पुढे जाणारा, लूक वैद्याला सोबत घेऊन फिरणारा. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे. काटा तिथेच राहिला. हे सगळं मी भावोजींना वचनं काढून दाखवलंय, दोनदा. ते म्हणतात तू डोक्याने वाचतोस.

रविवारचं बुधवारपर्यंत का टिकत नाही, तर मान्ना आठवा, इस्राएली लोकांना रानात देवाकडून रोज मिळायचं ते अन्न. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे. (शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा टिकायचा, कुणीतरी कमेंटमध्ये आठवण करून देईलच.) कायमचं म्हणजे एकदाच भरून ठेवायचं असं तुम्ही धरून चाललायत, माझ्या मते चूक तिथे आहे. रोजचं रोज मिळतं, काही दिवशी फार थोडं.

मी काय करतो विचाराल तर रात्री शिट्टी वाढते तेव्हा बायबलातलं १३१वं स्तोत्र म्हणतो. तीनच वचनं आहेत. दूध तुटलेलं लेकरू आईपाशी असतं तसा माझा जीव, असं काहीतरी. मी पूर्वी समजायचो की हे किती शांत गोड चित्र आहे. मग आमच्या धाकटीचं दूध तोडलं तेव्हाच्या रात्री आठवल्या, सहा-सात रात्री तिने घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर ती आईच्या मांडीवर नुसती बसायला लागली, काही न मागता. म्हणजे ती शांतता रडून झाल्यानंतरची आहे. आणि रडणं संपतच नसेल तर ८८वं स्तोत्र आहे, ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीबिती काही नाही. पवित्र शास्त्रात ठेवलंय ना ते, मग म्हणायला काय हरकत.

गायनवृंदात परत गेलो आठ महिन्यांनी. मागच्या रांगेत मधोमध उभा राहिलो तर डावीकडचे सगळे आवाज गायब, सूर लागेना, दोन ओळींनंतर तोंड नुसतं हलवत होतो. आमच्यातले एक म्हातारे बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गाणारे आहेत, फारसं बोलत नाहीत. गाणं चालू असतानाच त्यांनी माझी बाही धरली, ओढत रांगेच्या डाव्या टोकाला नेलं आणि स्वतः माझ्या उजवीकडे उभे राहिले. सगळे आवाज एकदम चांगल्या कानात आले. विश्वास, कृपा, काही बोलले नाहीत, पान उलटलं फक्त. त्या दिवशी जे वाटलं तेच मी समाधान धरतो, आणि ते पुढच्या मंगळवारपर्यंतसुद्धा टिकलं नाही हेही सांगतो.

एक राहिलं. महिनोन्महिने झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात रस नाही असं काही असेल तर ते समाधानाच्या खात्यात टाकू नका, डॉक्टरला दाखवा, पाळकांशी बोला, दोन्ही करा. आणि सगळेच प्रार्थनागट भावोजींसारखे नसतात, मला माहितीय, माझ्यासाठी खरोखर रात्र रात्र जागलेली माणसंही त्याच गटात होती.

भावोजींचं मागच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आधी फोन आला होता, प्रार्थना कर म्हणाले. मी विचारलं, डॉक्टरकडे नवव्या दिवशी गेलात की पहिल्याच? ते गप्प झाले, मग ताईने फोन घेतला. प्रार्थना केली मी, नाही असं नाही. पण त्यांना बघायला अजून गेलेलो नाही.