वाचक विचारतात: अ‍ॅरिझोनातला बहरलेला निवडुंग

प्रश्न: मुलगी टूसॉनला असते. मार्चअखेर तिच्याकडे जातोय. सग्वारोची (तिथल्या वाळवंटातल्या उंच, खांबासारख्या निवडुंगाची) फुलं बघायला मिळतील का? पक्षी-प्राणी कुठे शोधावेत?

उत्तर: सग्वारोसाठी मार्च फार लवकर. तो एप्रिलअखेरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत फुलतो. जमत असेल तर तिकीट मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचं काढा. मार्चमध्येच जायचं असेल, तर जमिनीलगतचा जांभळट-गुलाबी हेजहॉग निवडुंग बघा. तोही काही कमी देखणा नाही.

सग्वारोचं फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतं. दहाला आरामात निघालात, तर उन्हात कोमेजायला लागलेली फुलं दिसतील. उजाडताच पोहोचा. फुलं शेंड्यांवर, बरीच उंच असतात, म्हणून ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण हवीच. रात्री मधुरस प्यायला लांब नाकाची वटवाघळं येतात, सकाळी पांढऱ्या पंखांचे होले आणि मधमाश्या. होल्याचं डोकं परागांनी पिवळं झालेलं दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं. स्वतःच्या परागावर या झाडाला फळ धरत नाही, त्यामुळे ही ये-जा चुकली की फूल वाया. खोडातली गोल भोकं ‘हिला’ (Gila) जातीच्या सुतार पक्ष्यांनी कोरलेली. जुन्या भोकांत चिमुकली एल्फ घुबडं राहतात.

फड्या निवडुंगाच्या फुलातले पुंकेसर गवताच्या काडीने हलकेच डिवचा, ते आत वळतात. चोया या काटेरी निवडुंगाचा सहज तुटणारा तुकडा अंगाला चिकटला तर हाताने ओढू नका, बोटांत रुततो, कंगव्याने उडवा. माणशी दिवसाला चार लिटर पाणी घ्या. रॅटलस्नेक हे विषारी साप याच दिवसांत बाहेर पडतात, तेव्हा पायवाट सोडू नका.