वाचक विचारतात : वणव्याची वेळीच वर्दी

प्रश्न : आमच्या ग्रामसभेकडे (जि. गडचिरोली) सामूहिक वनहक्काचे ३०० हेक्टर जंगल आहे. दर मार्च-एप्रिलमध्ये वणवा लागतो. धूर ओळखणारे स्मार्ट सेन्सर बसवायचे ठरते आहे. किती लागतील?

सगळ्या जंगलात बसवू नका. धूर स्वतःपर्यंत पोचला तरच सेन्सरला आगीचा पत्ता लागतो. म्हणून हेक्टरी एक असा हिशेब धरतात, म्हणजे ३०० नग. एवढा खर्च ग्रामसभेने करू नये. तुमच्याकडे आग कुठे सुरू होते हे गावाला आधीच माहीत असते : मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात तिथे, नवी पालवी फुटावी म्हणून तेंदूच्या झुडपांना आग लावतात तिथे, रस्त्याच्या कडेला आणि शेताच्या धुऱ्यावर. या जागा नकाशावर मांडा आणि दुपारचा वारा जिकडे वाहतो त्या अंगाला साधारण १०० मीटरवर एकेक सेन्सर लावा. पंचवीस-तीस सेन्सरमध्ये सुरुवात चांगली होते.

उंची तीन मीटरच्या आसपास ठेवा. पाला धुमसतो तेव्हा धूर खालीच रेंगाळतो, त्यामुळे फार वर बांधलेल्या सेन्सरला तो उशिरा कळतो. हाताला येईल इतका खाली बांधला, तर कोणीतरी काढून नेतो. खोडाला खिळा मारू नका. पट्टा बांधा आणि दरवर्षी सैल करा.

सेन्सरच्या आत धातूच्या ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन असे वायू लागले की त्याचा विद्युतरोध घटतो. हवेतल्या ओलाव्यानेही तो बदलतो, आणि बहुतेक खोट्या वर्दीचे मूळ तिथेच असते. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचा कार्यक्रम एका झटक्यावर न जाता काही मिनिटांचा कल पाहतो. त्याला तुमच्या जंगलाची रोजची हवा शिकायला किमान दोन आठवडे द्या, म्हणजेच जानेवारीअखेर सेन्सर जागेवर हवेत. पावसाळ्यापूर्वी काढून कोरड्या जागी ठेवा.

मोहाच्या दिवसांत पहाटेपासून धूर असतो आणि वर्द्यांचा मारा होतो. वैतागून सेन्सर बंद करू नका. प्रत्येक वर्दीपुढे ‘मोहाखालचा पाला’, ‘चूल’, ‘खरा वणवा’ अशी नोंद करून ती पुरवठादाराला द्या. ही नोंद मिळाली नाही, तर यंत्रणा पुढच्या हंगामातही तीच चूक करील.

खरेदीआधी एक परीक्षा घ्याच. हे सेन्सर लोरा रेडिओवर, म्हणजे थोड्या विजेत छोटे संदेश दूरवर धाडणाऱ्या रेडिओवर बोलतात. भारतात त्यासाठीच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्याला परवाना लागत नाही. मोकळ्या नजरेत संदेश काही किलोमीटर जातो, पण नाल्याच्या खोलगटात अडतो. एक सेन्सर घेऊन सर्वांत खोल नाल्यात उभे राहा आणि दहा संदेश पाठवा. नऊ पोचले नाहीत तर गेटवेची, म्हणजे सेन्सरचे संदेश घेऊन पुढे फोनवर धाडणाऱ्या पेटीची जागा बदला. गेटवेला मोबाइलची रेंज आणि वीज दोन्ही हवीत. त्यामुळे टेकडीपेक्षा गावातली पाण्याची टाकी अनेकदा सोयीची पडते.

प्रश्न : उपग्रहाची वर्दी फुकट मिळते, मग सेन्सर कशाला?

ती आधी घ्याच. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे मोबाइल क्रमांक नोंदवला की संदेश येतात. पण व्हीआयआयआरएस या आगीची उष्णता टिपणाऱ्या उपकरणाचे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. दुपारी तीनला लागलेली आग त्यांना थेट रात्री दिसते. शिवाय एक ठिपका ३७५ मीटरचा असतो आणि दाट झाडोऱ्याखालची पाल्याची आग निसटू शकते. मोठा वणवा कुठवर पसरला हे पाहायला मात्र ही सोय उत्तम.

प्रश्न : पेंचसारखा कॅमेरा लावता येईल का?

पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये उंचावर कॅमेरा बसवून धूर ओळखणारी यंत्रणा सुरू झाली. असा कॅमेरा कित्येक किलोमीटर पाहतो, पण धूर झाडांच्या शेंड्यांवर आल्यावरच. ट्रॅक्टरची धूळ आणि सकाळचे धुके त्याला फसवतात. एका गावाला तो परवडत नाही. शेजारच्या चार-पाच ग्रामसभा आणि वनविभाग मिळून विचार करा.

प्रश्न : वर्दी आल्यावर पुढे काय?

संदेश एकाच फोनवर नको. ग्रामसभेचे दोघे, त्या भागातला अंगारी (आगीवर नजर ठेवणारा हंगामी मजूर) आणि वनरक्षक अशा चौघांना जाऊ द्या, आणि रेंज नसलेल्या पाड्यासाठी निरोप्या ठरवा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, १५ फेब्रुवारीपूर्वी साफ हव्यात. पाला उडवणारा ब्लोअर चालू स्थितीत आणि त्याचे पेट्रोल वेगळ्या डब्यात भरलेले असावे. विझवायला गेलेल्याने आग कुठे, कशी आणि किती वाजता विझली हे लगेच लिहावे, कारण पुढच्या वर्षी सेन्सरच्या जागा त्यावरूनच बदलायच्या आहेत.