दिवाळीच्या पहाटे आई सॅक्सोफोन का लावते

प्रिय सानू,

मैत्रिणीकडे दिवाळीच्या पहाटे सनई लागते, लग्नात तर लागतेच. मग आपल्याकडे नरकचतुर्दशीला आई सॅक्सोफोन का लावते, ही मराठी पद्धत आहे का, असं तू काल फोनवर विचारलंस. फोनवर घाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र.

आई माटुंग्याची. तिच्या इमारतीत मराठी बिऱ्हाडं थोडी, बाकी सगळी तमिळ आणि मंगळूरकडची. स्टेशनजवळ फुलवाल्यांची रांग, वर जिन्यात फिल्टर कॉफीचा वास. नरकचतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत तेल लावून न्हायचं, हे आपल्याइतकंच तमिळ घरांतही असतं. त्या दिवशी ते एकमेकांना 'गंगास्नान झालं का?' असंच विचारतात. त्यामुळे त्या एका पहाटे अख्खी इमारत एकदमच जागी व्हायची. आजी आईला पाटावर बसवून उटणं लावायची, आई दारात कारीट फोडायची, आणि समोरच्या मामींच्या टेपरेकॉर्डरवर कद्री गोपालनाथांचा सॅक्सोफोन सुरू व्हायचा. मग मामी लेहियमची वाटी घेऊन यायच्या. फराळाआधी पोटासाठी खायचं ते तिखट-गोड औषधी चाटण. आजी त्याच वाटीत चकल्या घालून परत पाठवायची. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, तेव्हा आम्ही नुकतेच लंडनला आलो होतो, आईने सामानातून सगळ्यात आधी काय काढलं असेल, तर मामींनी दिलेली ती कॅसेट.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. मंगल प्रसंगी आपल्याकडे जे काम सनई-चौघडा करतो, ते दक्षिणेत नागस्वरम आणि तविल करतात. देवळात, लग्नात, मुहूर्ताच्या घटकेला. गोपालनाथांचे वडील नागस्वरम वाजवायचे. मुलाचा जन्म १९४९चा, दक्षिण कन्नड जिल्ह्यातला. त्यानेही तेच वाद्य हाती घ्यायचं, हे ठरल्यासारखंच होतं. पण म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये त्याने सॅक्सोफोन ऐकला आणि तो त्यातच अडकला. मंगळूरला गोपालकृष्ण अय्यर यांच्याकडे आणि पुढे मद्रासला टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे शिकत, पाश्चात्त्य बँडचं ते वाद्य कर्नाटक संगीतात आणायला त्यांना कितीतरी वर्षं लागली.

हे अवघड का, ते सांगतो, कारण मला यातलं हेच सर्वांत थोर वाटतं. सनईला भोकं असतात आणि त्यांच्यावर थेट बोटं. बोट किंचित उचललं की स्वर घसरतो, मींड निघते. सॅक्सोफोनच्या भोकांवर चाव्यांच्या गाद्या बसतात. त्या भोक उघडतात किंवा बंद करतात. अर्धं झाकणं बोटाच्या हाती फारसं उरत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर झुलत जाणं, ज्याला गमक म्हणतात, ते मग ओठांच्या दाबाने आणि श्वासाने करावं लागतं. आणि कर्नाटक संगीतात गमक नसेल तर राग उभाच राहत नाही. गोपालनाथ भरजरी रेशमी कपड्यांत, मांडी घालून, मांडीवर सॅक्सोफोन घेऊन बसायचे, शेजारी अनेकदा व्हायोलिनवादक ए. कन्याकुमारी यांची साथ असायची, आणि ऐकताना वाद्य परकं आहे हे मनातही येत नसे.

मुंबईचा आणि त्यांचा एक धागा आईला फार प्रिय आहे. १९८०च्या मुंबईतल्या जॅझ महोत्सवात अमेरिकेचे सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांनी त्यांना ऐकलं आणि आपल्यालाही सोबत वाजवू द्या म्हणून विचारलं. दोघं एकत्र वाजवायला बसले आणि तिथून गोपालनाथांचं नाव देशाबाहेर गेलं. १९९४ साली ते इथे, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवून गेले. कर्नाटक संगीतातल्या कलाकाराला तिथे बोलावणं येण्याची ती पहिलीच वेळ. आपण त्या गोल लाल इमारतीवरून जातो तेव्हा आई बसच्या खिडकीतून मान वळवून बघते ना, ते त्यासाठी.

२००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये ते मंगळुरात गेले. बातमी आली तेव्हा आईने मुंबईला मामींना फोन लावला आणि दोघी बराच वेळ मामींच्या जुन्या जिन्याविषयीच बोलत राहिल्या. त्याच महिन्यात दिवाळी होती. मला वाटलं, या वर्षी ती लावणार नाही. तिने नेहमीपेक्षा लवकर उठून लावलं.

तर पद्धत मराठीच आहे, सानू. पहाटे तेल-उटणं, दिवे, आणि घरात मंगलवाद्याचा सूर. सूर कोणत्या वाद्याचा, हे आईच्या माटुंग्याने ठरवलं, आणि मला त्यात काही म्हणजे काही कमी वाटत नाही. माझ्या घरच्या मंडळींना, म्हणजे तुझ्या काकूला वगैरे, सुरुवातीला चुकल्यासारखं वाटलं होतं. आता काकू स्वतः विचारते, लावलं का म्हणून.

यंदा तू हॉस्टेलवर असशील. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची 'नादलोलुडै' ही रचना तुला पाठवून ठेवतो, राग कल्याणवसंतम. वर जाताना तो आपल्या चंद्रकंसासारखा चढतो आणि उतरताना किरवाणीसारखा उतरतो. तू गाणं शिकली आहेस, तुला ते पहिल्या मिनिटातच कळेल. उटण्याची पुडी वेगळी पाठवतोय. कारीट तिथे मिळणार नाही, त्याची खंत नको. आणि न्हाऊन झाल्यावर आईला फोन कर, लेहियममध्ये काय काय असतं ते विचार. मी तुला अर्धंच सांगितलंय. मामींबद्दल ती तासभर बोलेल.

तुझा,
बाबा