परीक्षणात कॉमिकची किती चित्रे वापरावीत?

एका अमेरिकन सुपरहिरो कॉमिकच्या परीक्षणात त्याची सहा-सात पाने स्कॅन करून लावली आणि खाली ‘सर्व हक्क प्रकाशकाचे’ असे लिहिले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. ती ओळ अवश्य लिहावी, पण तिने परवानगी मिळाल्यासारखे होत नाही. लेखातून आपल्याला एक पैसाही मिळत नसला तरी तेवढ्यावर सुटका नसते.

अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १०७ नुसार, एखादा वापर ‘फेअर यूज’ म्हणजे परवानगीशिवायही चालणारा न्याय्य वापर आहे का हे ठरवताना न्यायालय वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम या चार बाबी एकत्र पाहते. ‘दहा टक्के चालते’ हा सर्रास सांगितला जाणारा नियम कायद्यात कुठेही नाही. माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या अप्रकाशित आत्मकथनातील जेमतेम तीनशे शब्द एका नियतकालिकाने छापले, तेव्हाही १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेअर यूजचा बचाव फेटाळला. ते शब्द पुस्तकाचा गाभा होते, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. कॉमिकमध्ये हा गाभा बहुधा चित्रातच असतो. खलनायकाचा मुखवटा उतरतो ते पानभर चित्र एकटेच लावले, तरी अंक विकत घेण्याची उत्सुकता संपू शकते.

याउलट, ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या इतिहासावरील पुस्तकात कार्यक्रमांची जुनी पोस्टर्स अगदी लहान आकारात, कालक्रमाने आणि मजकुरासोबत छापली होती. २००६ मध्ये अपील न्यायालयाने तो वापर मान्य केला. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ समीक्षा आणि परीक्षणासाठी न्याय्य वापराची मुभा देते, त्यामुळे आपला हेतू त्यात बसतो. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा.

म्हणून पूर्ण पाने लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘शाईकाराने अर्धा चेहरा काळ्या सावलीत बुडवून डोळा तेवढा कोरा ठेवला आहे’ असे आपण लिहिणार असाल, तर तीच चौकट कापून, कमी रिझोल्यूशनमध्ये, त्या वाक्याशेजारी लावावी आणि लेखक, चित्रकार, शाईकार (पेन्सिलच्या रेषांवर शाई चढवणारा) व रंगकार यांची नावे द्यावीत, कारण श्रेयाच्या ओळीत ही माणसे फार वेळा गळतात. ज्या चौकटीबद्दल आपल्याला काहीच म्हणायचे नाही, ती वगळावी.